झीज कुणाची, दोष कुणाचा?

इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, एवढंच. पुढचा बॉल जॉइंट निखळला तर चाक मडगार्डाखाली आडवं होतं, गाडी त्या कोपऱ्यावर रस्त्यावर बसते आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ती आपल्याला हवी तिकडे जात नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवताना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगून टाकायचो. मग एक जुना जॉइंट करवतीने उभा कापून त्यांच्या हातात द्यायचो. आत बोराएवढा पोलादी गोळा, त्यातून निघालेला दांडा, गोळ्याभोवती प्लॅस्टिकची वाटी, ग्रीस, आणि वरून रबरी बूट. बूट फाटला की पाणी शिरतं, ग्रीस धुपतं, गोळ्याला गंज चढतो आणि तो गंज वाटीला घासून खातो. सगळा कारभार असा हळूहळू चालतो, आणि दोष की झीज या भांडणाचा सगळा इतिहासही त्या ‘हळूहळू’तूनच निघालाय.

आधी किंगपिन असायची. पुढचं चाक एका जाड उभ्या पिनेभोवती वळायचं, आणि वर-खाली होण्यासाठी चाक धरणाऱ्या आर्मला आणखी वेगळे सांधे लागायचे. अमेरिकेत १९५२ साली लिंकन गाड्यांना आणि १९५४ साली फोर्ड-मर्क्युरीला बॉल जॉइंट आले आणि दोन्ही कामं एकाच सांध्यावर आली. भाग कमी झाले, वजन घटलं, जोडणी सोपी झाली. पण सगळा भार त्या एका गोळ्यावर पडला. सुरुवातीच्या जॉइंटना ग्रीस निप्पल असायचं. आपल्याकडेही पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या जमान्यात ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरलं की खडखड आवाज, फाटलेलं रबर, सैल नट हे सगळं आपोआप नजरेखालून जायचं. पुढे कारखान्यातूनच ग्रीस भरून सीलबंद जॉइंट येऊ लागले. गाडीमालकाची कटकट गेली. त्याबरोबर दर सर्व्हिसला तिथे हात लावायचं कारणही गेलं.

कंपनीने विकलेल्या गाडीबद्दल नंतरही जबाबदार राहायचं, ही रीत कायद्यात आली १९६६ साली. असुरक्षित गाड्यांवरच्या राल्फ नेडरच्या पुस्तकाने आदल्या वर्षी अमेरिकेत खळबळ उडवली होती. नव्या वाहन सुरक्षा कायद्याने कंपन्यांना दोषाची माहिती मालकाला कळवणं भाग पाडलं. मात्र फुकट दुरुस्तीची सक्ती त्यात नव्हती. कंपनी पत्र पाठवायची, खर्च मालकाच्या खिशातून जायचा. ती सक्ती १९७४च्या कायदादुरुस्तीने झाली.

तेव्हापासून कंपन्यांचा ठरलेला बचाव एकच: ही झीज आहे, दोष नव्हे. गाडी जुनी झाली, मालकाने नीट ठेवली नाही, आम्ही काय करणार? याचं एक उत्तर कोर्टाने १९७७ साली दिलं. वाद १९५९ आणि १९६०च्या कॅडिलॅकमधल्या पिटमन आर्मचा होता. स्टिअरिंग बॉक्समधून चाकांकडे वळण पोचवणारा हा आर्म मोडत होता. जनरल मोटर्सचं म्हणणं असं की तो बहुतेक वेळा पार्किंगमध्ये, अगदी कमी वेगात मोडतो, मग धोका कसला? वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ते मानलं नाही. चालत्या गाडीचं स्टिअरिंग जाणं हाच धोका. किती लोक जखमी झाले याची मोजदाद होईपर्यंत थांबायचं कारण नाही. गाड्या तोवर सतरा-अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. निकालाचा उपयोग त्यांच्यापेक्षा पुढच्या गाड्यांनाच व्हायचा होता.

बॉल जॉइंटची मोठी प्रकरणं या शतकाच्या सुरुवातीला आली. २००४च्या अखेरीस डेमलर-क्रायस्लरने २००० ते २००३ मॉडेलच्या सुमारे सहा लाख डॉज डुरँगो आणि डकोटा गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या वरच्या बॉल जॉइंटमध्ये पाणी शिरून तो झिजत होता. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत टकोमा, टुंड्रा, सिक्वोया आणि फोररनर मिळून सुमारे पावणेआठ लाख गाड्या बोलावल्या. तिथे दोष कारखान्यातच होता. खालच्या जॉइंटच्या गोळ्यावर बनवतानाच ओरखडे राहिले होते. शिवाय त्या रचनेत गाडीचं वजन गोळ्याला वाटीत दाबण्याऐवजी बाहेर ओढत होतं, म्हणजे झीज वाढली की सुटण्याखेरीज दुसरी वाट नव्हती. २००७ साली नंतरच्या मॉडेलच्या आणखी सुमारे ५ लाख ३३ हजार टुंड्रा आणि सिक्वोया बोलावण्यात आल्या.

ओरखडा कारखान्यातला, पण तो जॉइंट निखळेपर्यंत वर्षं जातात. मग निखळलेल्या दिवशी तो दोष म्हणायचा की झीज? माझ्या मते हा प्रश्नच फसवा आहे. झीज प्रत्येक गाडीत होते. दोष म्हणजे ती अपेक्षेआधी, न सांगता होणं. आणि बॉल जॉइंट सांगतो, पण ऐकणाऱ्यालाच. खड्ड्यात टकटक, टायर आतल्या कडेने खाल्लेला, गाडी एका बाजूला ओढणं.

ऐकायलाही रीत लागते. माझे विद्यार्थी चाक उचलायचे, वरून-खालून धरून हलवायचे आणि म्हणायचे, “सर, प्ले नाही.” ज्या गाडीत स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर असतो, तिथे जॅक चासीखाली लावला तर आर्म लोंबतो आणि स्प्रिंग त्या जॉइंटला घट्ट ताणून धरते. गेलेला जॉइंटही मग पास होतो. जॅक त्या आर्मखालीच, चाकाच्या शक्य तितका जवळ घ्यायचा, मग पहार घालून उचलायचं. मारुती ८००सारख्या स्ट्रटच्या गाडीत स्प्रिंग वर असते, तिथे चाक लोंबतं ठेवून आर्म आणि नकल, म्हणजे चाक बसतं तो भाग, यांच्या मधे पहार घालायची. जॅक कुठे लावला, यावरच उत्तर ठरतं. आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा टॅक्सीतून सुटून तिसऱ्या मालकाकडे आलेली गाडी टोचन करून आणली. चौकात वळताना पुढचं चाक बाहेर फेकलं गेलं होतं. अलाइनमेंट नुकतीच झाली होती, बिल डॅशबोर्डवर होतं. यंत्रावर चाकांचे कोन जुळवले होते, पण पहार लावून जॉइंट कुणीच हलवून पाहिला नव्हता.

तिसऱ्या मालकापर्यंत कंपनीचं पत्र पोचेलच असं नाही, आणि पोचलं तरी मुदत असते. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क आधी गाडीच्या पहिल्या विक्रीपासून आठ वर्षं होता, २०००च्या कायद्याने दहा झाला, २०१५च्या कायद्याने पंधरा. बॉल जॉइंटसारखे भाग कधी मरतात हे पाहिलं, तर या वाढीचं कारण उघड आहे.

आपल्याकडे रीकॉल बराच काळ कंपनीच्या मर्जीवर होता. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने ऐच्छिक आचारसंहिता आणली. २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत ११० अ हे कलम आलं आणि सरकारला रीकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. मात्र ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते.

खासगी गाडीची नोंदणी आपण पंधरा वर्षांसाठी करतो. म्हणजे सरकारच मानतं की ती गाडी पंधरा वर्षं रस्त्यावर राहील. मग सातव्या ते पंधराव्या वर्षातला ओरखडा कुणाचा? त्या आठ वर्षांत गाडी बहुतेक पहिल्या मालकाकडे नसते. ती असते शिकणाऱ्या मुलाकडे, भाजीवाल्याकडे, छोट्या गावातल्या वडापवाल्याकडे. तीनशे रुपयांची अलाइनमेंटसुद्धा जड वाटणाऱ्यांकडे. कारखान्यात राहिलेला दोष शोधायची जबाबदारी आपण त्यांच्यावर टाकली आहे. नियम बदलायचा असेल तर निकष शोधायला लांब जायला नको: गाडीला रस्त्यावर राहायची मुभा जितकी वर्षं, कंपनीची जबाबदारी तितकी वर्षं. तोवर सात वर्षांपुढची गाडी असेल, तर सर्व्हिसला दिल्यावर मेकॅनिकला एवढंच विचारा, जॅक कुठे लावणार.