रॅम का महागली?

संगणक सुटे भाग घेऊन जुळवून घेणारा ग्राहक खर्चाची यादी करायला बसला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यावर दिवसच्या दिवस काथ्याकूट करतो आणि रॅमपुढे अखेरीस अंदाजाने एक आकडा टाकून मोकळा होतो. गेली काही वर्षे हे खपून जात असे. २०२५ च्या उत्तरार्धात मात्र ही ओळ यादीतील सर्वांत त्रासदायक ओळ ठरली. अमेरिकी बाजारात त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या आसपास मिळणारी ३२ गिगाबाइट डीडीआर ५ मेमरीची जोडी वर्षअखेरीस तिप्पट दराला गेली. भारतात मेमरी बाहेरूनच येते. त्यामुळे म्हापसा किंवा मडगावच्या दुकानातील भावही त्याच दिशेने सरकणे अटळ होते.

भाव वाढतात आणि उतरतात, हे मेमरीच्या धंद्यात नवे नाही. या वेळी वेगळे घडले ते ३ डिसेंबर २०२५ रोजी. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने ‘क्रुशिअल’ हा आपला ग्राहकोपयोगी व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. १९९६ पासून चालत आलेले हे नाव. घरी बसून लॅपटॉपचे मागचे झाकण उघडणाऱ्या, जुन्या यंत्रात नवी पट्टी बसवणाऱ्या मंडळींच्या ते परिचयाचे आणि भरवशाचे. फेब्रुवारी २०२६ पर्यंत पुरवठा आणि त्यानंतर केवळ वॉरंटीची सेवा, असे कंपनीने सांगितले. कारणही आडपडद्याने सांगितले नाही: विदा केंद्रांकडून होणारी मागणी वाढली आहे आणि मोठ्या ग्राहकांना माल पुरवणे अधिक महत्त्वाचे आहे. भाववाढीपेक्षा हे अधिक गंभीर आहे. भाव उतरू शकतो. पण रांगेत ज्याचा नंबरच मागे ढकलला गेला, त्याला भाव उतरल्यावरही वाट पाहावी लागते.

हा नंबर मागे का गेला, हे समजण्यासाठी मेमरी कशी बनते ते थोडे पाहावे लागेल.

आजच्या रॅमचे मूळ रॉबर्ट डेनार्ड या आयबीएममधील अभियंत्याच्या कल्पनेत आहे. एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, एवढ्याच सामग्रीत माहितीचा एक बिट साठवता येईल, हे त्याने दाखवले. १९६८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. अडचण इतकीच की हा भार गळत राहतो. म्हणून तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. गळक्या घागरी सतत भरत राहण्याचा हा खटाटोप वेडगळ वाटतो खरा, पण त्यामुळेच मेमरी स्वस्त झाली, कारण प्रत्येक बिटाला लागणारी जागा अगदी कमी झाली. १६ गिगाबाइटच्या एका पट्टीत अशा सुमारे १३,७०० कोटी घागरी असतात. डेनार्ड यांचे एप्रिल २०२४ मध्ये निधन झाले. जगातील जवळजवळ प्रत्येक फोन आणि संगणक त्यांच्या या कल्पनेवर चालतो, तरी त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

या चिपा सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांवर, म्हणजे वेफरवर, बनतात. कारखान्याची क्षमता मोजायची ती महिन्याला किती वेफर बाहेर पडतात यावरून. वेफर तोच, यंत्रसामग्रीही बहुतांशी तीच. त्यावर घरगुती संगणकाची डीडीआर ५ बनवायची, फोनची कमी वीज खाणारी मेमरी बनवायची की आणखी काही, हा निर्णय मालकाचा. भातशेतीचा मळा आणि ऊसशेतीचा मळा यांतील फरकासारखाच हा प्रकार आहे. जमीन वाढत नाही, पीक बदलते.

सध्याचे नगदी पीक म्हणजे एचबीएम. उच्च वेगाने माहिती वाहून नेणारी ही मेमरी एनव्हिडियासारख्या कंपन्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांना लागते. साधी रॅम मदरबोर्डवर खाचेत बसते आणि एक पट्टी ६४ बिटांच्या वाटेने प्रोसेसरशी बोलते. एचबीएममध्ये मेमरीचे आठ किंवा बारा पातळ थर एकावर एक रचतात, त्यांना आरपार सूक्ष्म छिद्रे पाडून तांब्याने जोडतात आणि हा मनोरा मुख्य चिपेच्या शेजारीच बसवतात. एचबीएम ३ई पर्यंतच्या पिढ्यांत अशा एका मनोऱ्याची वाट १,०२४ बिट रुंद होती. थरांपैकी एखादा सदोष निघाला तरी सगळा मनोरा वाया जाण्याची भीती असते. छिद्रांनाही जागा लागते. परिणामी तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर ५ च्या तुलनेत एचबीएमला सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात. हा हिशेब खुद्द मायक्रॉननेच मांडलेला आहे.

आता भूक पाहा. एनव्हिडियाच्या एच १०० या चिपेबरोबर ८० गिगाबाइट एचबीएम होती, एच २०० बरोबर १४१, आणि ब्लॅकवेल अल्ट्रा पिढीत ती २८८ गिगाबाइटवर गेली. ही एका चिपेची गोष्ट. विदा केंद्रात अशा चिपा हजारोंनी लागतात, शिवाय त्यांना चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये नेहमीची रॅमही लागतेच. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स या दोन्ही कोरियन कंपन्यांशी इरादापत्रे केली, त्यांत महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या मागणीचा उल्लेख होता. जगातील एकूण उत्पादनाच्या सुमारे चाळीस टक्के, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला. इरादापत्र म्हणजे पक्की खरेदी नव्हे. पण बाजार पक्क्या खरेदीची वाट पाहत थांबत नाही. ज्यांना पुढे माल लागणार होता त्या सगळ्यांनी आजच साठा करायला सुरुवात केली.

त्यात जुन्या डीडीआर ४ चा घोळ मिसळला. २०१४ पासून चालत आलेला हा प्रकार हळूहळू बंद करण्याचे संकेत बड्या उत्पादकांनी २०२५ मध्ये दिले. माल संपणार या धास्तीने खरेदी वाढली आणि त्या वर्षीच्या मध्यावर घाऊक बाजारात जुन्या डीडीआर ४ चिपांचा भाव नव्या डीडीआर ५ च्याही वर गेला. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग, असा हा उफराटा न्याय.

बाजारात विक्रेते किती, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती जगातील बहुतेक सगळी डीरॅम आहे. चीनची सीएक्सएमटी वाढते आहे, पण अजून त्या पंक्तीला बसलेली नाही. एकेकाळी हे चित्र निराळे होते. १९७० मध्ये पहिली लोकप्रिय डीरॅम चिप विकणारी इंटेल १९८५ मध्ये जपानी स्पर्धेपुढे हरून या धंद्यातून बाहेर पडली. पुढे जर्मनीची क्विमोंडा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा २०१२ मध्ये. एल्पिडा मग मायक्रॉननेच विकत घेतली. तेजीत सगळे कारखाने बांधतात, ते उभे राहीपर्यंत मंदी येते, आणि दर मंदीत एखादा गळतो. २०२३ ची मंदी तर ताजीच आहे: मायक्रॉनला त्या आर्थिक वर्षात ५८० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. रॅम स्वस्त मिळत होती म्हणून ग्राहक खूश होता तेव्हा विकणारा रक्तबंबाळ होता. आजची सावध, किंबहुना आखडती गुंतवणूक त्या जखमेतून आलेली आहे.

तिघांचाच बाजार म्हटले की संगनमताचा संशय येतो, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९९९ ते २००२ या काळात डीरॅमचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी आणि हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर दंड झाला होता. मात्र आजच्या भाववाढीचा उलगडा व्हायला गुप्त बैठकांची गरज नाही. ज्या पिकाला अधिक भाव आहे ते पीक तिघेही आपापल्या बुद्धीने घेतील, आणि चौथा शेतकरी नसल्यामुळे उरलेले पीक घ्यायला कुणी उरणार नाही. कायद्याच्या चौकटीत राहूनही ग्राहक कोंडीत सापडतो तो असा.

गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग भारतात रॅम स्वस्त का होत नाही, असे काही जण विचारतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या २७५ कोटी डॉलरच्या या प्रकल्पात केंद्र आणि राज्य सरकारचा मोठा वाटा आहे. पण तेथे चिपांची जुळणी, वेष्टन आणि चाचणी होते. वेफर बाहेरच्या कारखान्यांतूनच येतात. टंचाई वेफरची आहे, त्यामुळे साणंदचा भावावर लगेच परिणाम होणार नाही. वेफरच घडवणारे नवे कारखाने इतरत्र होत आहेत. मायक्रॉनच्या आयडाहोतील कारखान्यातून २०२७ मध्ये आणि सॅमसंगच्या प्योंगटेकमधील नव्या शाखेतून २०२८ मध्ये उत्पादन अपेक्षित आहे. तोवर मोठा दिलासा मिळण्याची चिन्हे कमी. अर्थात कृत्रिम बुद्धिमत्तेवरील खर्चाचा फुगा मध्येच फुटला तर गणित रातोरात फिरेल.

झळ केवळ खेळांसाठी महागडे संगणक बांधणाऱ्या हौशी मंडळींपुरती राहिलेली नाही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लोकप्रिय असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या किमती डिसेंबर २०२५ मध्ये वाढल्या. १६ गिगाबाइटचा पाय ५ हा १२० वरून १४५ डॉलरवर गेला. स्वस्त फोन आणि लॅपटॉपमध्ये तर किमतीचा आकडा फार वाढवता येत नाही. तेथे दुसरी युक्ती होते: किंमत तीच ठेवून १६ च्या जागी ८ गिगाबाइट मेमरी दिली जाते. जाहिरातीत ही घट ठळक अक्षरांत येत नाही.

म्हणून जूनमध्ये अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या मुलासाठी लॅपटॉप पाहणाऱ्या पालकांनी दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो मेमरी मदरबोर्डला कायमची जोडलेली आहे की खाचेत बसवलेली, हा. सडपातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा जोडलेलीच असते आणि नंतर वाढवता येत नाही. असा लॅपटॉप घेताना ८ गिगाबाइटवर समाधान मानणे पुढे महागात पडेल. एक खाच रिकामी असेल तर मात्र आज ८ किंवा १६ वर भागवून भाव उतरण्याची वाट पाहणे शहाणपणाचे. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ च्या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, तेव्हा जुन्या मदरबोर्डसाठी पट्टी मागताना प्रकार नीट सांगावा. वापरलेली रॅम घेण्यात कमीपणा नाही. हलणारे भाग नसल्याने ती सहसा झिजत नाही. घरी आणल्यावर मेमटेस्ट ८६ ही मोफत चाचणी रात्रभर चालवावी आणि एकही चूक दिसली तर पट्टी परत करावी. ही अट विक्रेत्याकडून आधीच कबूल करून घ्यावी. नव्या पट्टीची पावती मात्र फेकू नये. अनेक नामांकित पट्ट्यांवर आजीवन मर्यादित वॉरंटी असते, आणि चार वर्षांपूर्वी स्वस्तात घेतलेली पट्टी आज बिघडली तर त्या कागदाची किंमत पट्टीच्या मूळ किमतीहून अधिक भरेल.