चिकदौलीचा गेंडा आणि तळ्यातली चिलटे

बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ चिकदौली नावाचे गाव आहे. तिथल्या मातीत मिळालेल्या गेंड्याच्या हाडांवरून रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८७४ साली एका नामशेष जातीची नोंद केली आणि तिला 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले. ज्या मुलखात आज ज्वारीला पाऊस पुरेल की नाही याची काळजी असते, तिथे गेंडा चरत होता हे कळल्यावर तो काळ आजच्यापेक्षा ओला असणार, असे चटकन वाटते. पण हे अनुमान दिसते तितके पक्के नाही. काझीरंगाचा गेंडा दलदलीतल्या उंच गवतात राहतो, तर आफ्रिकेतला काळा गेंडा कोरड्या काटेरी झुडपांवरही जगतो. दख्खनच्या गेंड्याला काय मानवत होते, हे पाहायला त्याचा एकही वंशज उरलेला नाही. त्याच्यापेक्षा भरवशाची साक्ष तळ्याच्या गाळातले किडे देतात, आणि सीमाभागाने ती वेळीच नोंदवून घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ही साक्ष भरवशाची का, हे ब्रिटनमधले संशोधक रसेल कूप यांनी भुंगेऱ्यांच्या अवशेषांवरून दाखवले. हिमयुगातल्या थरांमध्ये त्यांना ज्या जाती सापडल्या, त्या बहुतेक सगळ्या आजही कुठे ना कुठे जिवंत आहेत. ती जात आज किती उष्णतेत राहते हे पाहिले, की थर साचला तेव्हाच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. हाच विचार पुढे तळ्यातल्या कायरोनोमिड चिलटांना लागू झाला. ही चिलटे डासासारखी दिसतात, पण चावत नाहीत. त्यांच्या अळ्या पाण्याच्या तळाशी वाढतात, वाढताना कात टाकतात, आणि डोक्याचे कठीण कवच गाळात राहते. ते कायटिनचे असल्यामुळे हजारो वर्षे टिकते. गाळ अल्कलीत मोकळा करून बारीक चाळणीने धुतला, की सूक्ष्मदर्शकाखाली कवचे वेचता येतात आणि दातांच्या ठेवणीवरून प्रकार ओळखता येतो. थंड आणि उष्ण अशा अनेक तळ्यांतल्या आजच्या चिलटांशी ताळा घातला, की उन्हाळ्याचे जुने तापमान साधारण एक-दीड अंशाच्या फरकाने सांगता येते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे शास्त्र थंड देशांचे आहे. आपल्याकडे प्रश्न पावसाचा. आक्षेप खरा आहे, पण चिलटांना तापमानाइतकीच पाण्याची खोली आणि खारटपणाही जाणवतो. केनियातल्या नैवाशा सरोवराच्या गाळातली चिलटे आणि सूक्ष्म शैवाले तपासून डर्क व्हर्शुरेन आणि सहकाऱ्यांनी २००० साली तिथल्या अकराशे वर्षांच्या ओल्या-कोरड्या काळाचा इतिहास मांडला. महाराष्ट्रातल्या लोणारच्या गाळानेही, तिथे पुरावा रसायनांचा आणि खनिजांचा असला तरी, सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा प्रदीर्घ कोरडा काळ उघड केला आहे. म्हणजे दख्खनच्या चिखलात पावसाची नोंद राहते, यात शंका नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. लोणार उल्केच्या आघाताने झालेले. बेळगाव-निपाणी भागातले बहुतेक तलाव माणसाने बांधलेले, म्हणून वयाने लहान. त्यांत गुरे उतरतात, सांडपाणी येते आणि त्यानेही चिलटांचे प्रकार बदलतात. त्यामुळे इथे गेंड्याच्या काळापर्यंत पोहोचता येणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण काही शतकांची नोंदही मोलाची आहे, कारण ती पडताळता येते. १८७६-७७ चा दुष्काळ कागदोपत्री ठाऊक आहे. किरणोत्सारी शिशावरून वय ठरवलेल्या थरात त्याची खूण दिसली, तर त्याआधीच्या, कागद नसलेल्या वर्षांवरही विश्वास ठेवता येईल. नाही दिसली, तर तो तलाव साक्षीला अपुरा आहे एवढे तरी कळेल. कागद भाव, सारा आणि तगाई सांगतात. तळ्याचे पाणी किती आटले होते, हे चिखल सांगतो.

हा गाळ दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे उपसला जातो आणि शेतात पसरतो. ते योग्यच आहे. तलावाला खोली हवी आणि रानाला कस हवा. फक्त जेसीबी उतरण्याआधी तलावाच्या सर्वांत खोल जागी एक नळी उभी दाबून, थर न मोडता वर काढून जपून ठेवावी. शेतात पसरलेला गाळ पीक देईल, पण त्यातला थरांचा क्रम पुन्हा लावता येणार नाही.