आद्याक्षरांचे रस्ते आणि शाळेचं जनरल रजिस्टर



स्मरणिकेसाठी "शाळेच्या परिसराचा इतिहास लिही" असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा अनेकांनी विचारलं की मुलुंडला इतिहास आहे कुठे? किल्ला नाही, लेणी नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला शनिवारवाडा होता, रायगड होता, पण पाचरस्ता नव्हता. तरीही पाऊस संपल्यावर चार रविवार मी मुलुंड पश्चिमेचे जुने रस्ते पायी फिरलो. दोन शनिवार मुख्याध्यापिकाबाईंच्या परवानगीने शाळेच्या कार्यालयात बसून जुनी जनरल रजिस्टरं पाहिली. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवात रेल्वेपासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती आपल्याच शिवारातून. पूर्वेला खाडी आणि मिठागरं, पश्चिमेला डोंगर, मधून रूळ. आज आपण ज्याला मुलुंड म्हणतो त्याची खरी मांडणी मात्र १९२२ साली झाली. क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंतच्या भागाचा आराखडा तयार केला. आधी घरं आणि मग त्यांच्यामधून वाट, अशी आपल्याकडची रीत. इथे आधी रस्ते आखले गेले आणि मग घरं आली. काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्यांमुळे आपण शाळेत जाताना रोज वेगळी वाट धरली तरी घंटेआधी पोहोचत होतो, याचं श्रेय त्या आराखड्याला द्यायला हवं.

आता रस्त्यांच्या नावांकडे पाहा. आर. एच. बी. रोड, पी. के. रोड, एस. एल. रोड. दहा वर्षं ही अक्षरं आपण वहीवरच्या पत्त्यात लिहिली. आर. एच. बी. म्हणजे रतनशी हिरजी भोजराज, पी. के. म्हणजे पुरुषोत्तम खेराज आणि एस. एल. म्हणजे सेवाराम लालवाणी. पहिली दोन नावं गुजराती-कच्छी व्यापारी समाजाची, तिसरं सिंधी. या तीन पाट्यांवर मुलुंडच्या वस्तीचे दोन थर वाचता येतात. आधी आला तो व्यापारी समाज. फाळणीनंतर सिंधमधून सगळं मागे टाकून आलेल्या कुटुंबांची छावणी इथे पडली, तीच पुढे मुलुंड कॉलनी म्हणून ओळखली जाऊ लागली. एम. जी. रोड आणि नेताजी सुभाष रोड ही नावं स्वातंत्र्याच्या काळाची खूण सांगतात. नावांचा विसर पडून आद्याक्षरंच उरली, पण रिक्षावाल्याला आजही तीच सांगावी लागतात.

मराठी माणूस या पाट्यांवर फारसा दिसत नाही. तो दिसतो आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात.

ज्यांना शाळेच्या कार्यालयाचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याची दाखल होतानाची आणि शाळा सोडतानाची नोंद या रजिस्टरात असते. नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. आपला शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरातून उतरवला जातो. नावं मी इथे अर्थातच देत नाही, पण रकाने बोलतात.

जुन्या रजिस्टरांत जन्मस्थळाच्या रकान्यात संगमेश्वर, मालवण, चिपळूण, पाटण, जुन्नर अशी गावं ओळीने येतात. पूर्वीच्या शाळेच्या रकान्यात गिरगाव, परळ, दादर. म्हणजे बाप गावाहून मुंबईत आला, चाळीतल्या खोलीत राहिला, संसार वाढल्यावर भाड्याने दोन खोल्या मिळतील म्हणून मुलुंडला सरकला. १९५० च्या हद्दवाढीत मुंबई महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत आली होती. १९५७ मध्ये ती मुलुंडपर्यंत वाढली आणि आपलं उपनगर बृहन्मुंबईचं शेवटचं टोक झालं. नळ, रस्ता आणि दवाखाना मुंबईचा, भाडं मात्र गावाबाहेरचं, हे गणित आपल्या आईवडिलांना जमलं.

कामही जवळ आलं होतं. जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखाने उभे राहिले. नाक्यापलीकडे ठाण्याची वागळे इस्टेट. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील तीन पाळ्यांत काम करायचे. रात्रपाळी करून झोपलेल्या वडिलांना जाग येऊ नये म्हणून ओट्यावर बसून केलेला गृहपाठ मला एकट्यालाच आठवत असेल असं नाही.

रजिस्टरात एक गंमतही आहे. पानामागून पान १ जून ही जन्मतारीख. गावाकडे जन्मनोंद नसली की प्रवेश देणारे गुरुजी वयाचा अंदाज घेऊन जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. आपल्या वर्गातही १ जूनवाले होते आणि शाळा तेव्हा बंद असल्याने त्यांचं चॉकलेट आपल्याला कधीच मिळालं नाही.

सगळ्यात जास्त सांगतो तो शेवटचा रकाना. सुरुवातीच्या काळात शाळा सोडण्याचं कारण "वडिलांची बदली" किंवा "गावी गेल्याने". ऐंशीच्या दशकात "घरची परिस्थिती" हे दोन शब्द वाढतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वेळी आपण आठवीत होतो. गिरण्या मुलुंडला नव्हत्या, पण गिरणीत काम करणारे काका, मामा आपल्या घरांत होते. पुढे आग्रा रोडवरचे कारखानेही एकेक करून बंद होत गेले. नंतरच्या रजिस्टरांत कारणाच्या जागी डोंबिवली, बदलापूर, दिवा ही नावं येतात. मुलुंडला जागा परवडली म्हणून आलेली माणसं, तीच जागा परवडेनाशी झाल्यावर पुढच्या स्टेशनांकडे गेली.

आज त्या मार्गावर मॉल आणि उंच इमारती आहेत. जकात नाक्यावरची ट्रकांची रांग १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. मेहुल टॉकीजचं नाव मात्र लोकांच्या तोंडी पत्त्यासारखं टिकून आहे. गल्ल्यांचे काटकोन तसेच आहेत. पाचरस्त्यावर उभं राहिलं की १९२२ चा कागद अजून पायाखाली आहे हे कळतं.

शाळेबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवं. आपल्या वेळी पहिलीच्या चार तुकड्या होत्या, अ ते ड. आता मराठी माध्यमाची एकच आहे आणि तीही भरता भरता जून उजाडतो. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं इंग्रजी माध्यमात शिकली. हा आरोप नाही, इतिहासाची नोंद आहे. आपली दुमजली इमारत पाडून नवी बांधण्याचं संस्थेने ठरवलं आहे आणि वर्ग हलवण्याची तयारी सुरू आहे. इमारत जुनी झाली आहे, जिन्याच्या भिंतीला ओल आहे, मुलांच्या सुरक्षिततेपुढे आपल्या आठवणींचं वजन कमी धरायला हवं.

जनरल रजिस्टर कायम जपायचं दप्तर आहे, ते नव्या इमारतीत जाईल. पण शाळेचा इतिहास तेवढ्यात मावत नाही. वर्गांची हस्तलिखितं, स्नेहसंमेलनाचे फोटो, सूचनावह्या, चित्रकलेच्या सरांनी रंगवलेले पडदे यांना जपण्याचा कुठलाच नियम नाही. सामान हलवताना असल्या गोष्टी आधी रद्दीत जातात.

म्हणून मेळाव्याला येताना तीन गोष्टी करा. घरातले शाळेचे जुने फोटो आणा, मागे साल आणि ओळखू येणाऱ्यांची नावं लिहून. आईवडील हयात असतील तर ते मुलुंडला कधी, कुठून आणि का आले हे त्यांना विचारून एक पान लिहून आणा. आणि जे सर, बाई आज आपल्यात आहेत त्यांच्याशी तासभर बोलून ते ध्वनिमुद्रित करा. आपल्या बाईंनी ऐंशी ओलांडली आहे, हे काम पुढच्या मेळाव्यावर टाकता येणार नाही.

कपाट ठेवायला नव्या इमारतीत एक भिंत मिळेल, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं आहे. कपाट आपल्या तुकडीने द्यायचं ठरलं आहे. ते भरायचं कशाने, हे आता तुमच्या माळ्यावरच्या पेट्यांवर अवलंबून आहे.