सुदूर संवेदनाद्वारे हिरेयुक्त खडकांचा शोध

सुदूर संवेदनाद्वारे हिरेयुक्त खडकांचा शोध ही उपग्रह व विमानांवरील संवेदकांच्या साहाय्याने किंबरलाइट, लॅम्प्रोइट यांसारख्या खडकांची संभाव्य स्थाने निश्चित करण्याची पद्धत आहे. या पद्धतीत हिरा प्रत्यक्ष दिसत नाही. त्याला भूपृष्ठावर आणणारा खडक ओळखला जातो.

तत्त्व

हिरे सुमारे १५० किमी किंवा त्याहून अधिक खोलीवर तयार होतात आणि ज्वालामुखी उद्रेकातून नळीच्या आकाराच्या खडकांत वर येतात. या खडकांच्या विदारणातून सर्पेंटाइन, फ्लोगोपाइट, कार्बोनेट व मृद् खनिजे उघडी पडतात. मॅग्नेशियमयुक्त जलीय खनिजे २.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतात. ही खूण ॲस्टर संवेदकाला २००८ पर्यंत टिपता येत होती.

पद्धती

उपग्रह प्रतिमांवरून भ्रंशरेषा, वर्तुळाकार रचना तसेच माती व वनस्पतींतील फरक शोधले जातात. त्यांना हवाई चुंबकीय सर्वेक्षणाची जोड दिली जाते. त्यानंतर ओढ्यांच्या गाळात पायरोप गार्नेट, इल्मेनाइट यांसारखी निर्देशक खनिजे तपासतात. अंतिम निष्कर्ष वेधन व नमुना परीक्षणानंतरच काढता येतो.

भारतातील क्षेत्रे

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात मझगवाँ येथे राष्ट्रीय खनिज विकास निगमाची हिऱ्यांची खाण आहे. आंध्र प्रदेशातील वज्रकरूर, तेलंगणातील नारायणपेठ व छत्तीसगडमधील मैनपूर ही अन्य महत्त्वाची क्षेत्रे होत. मैनपूरचे काही खडक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दख्खनच्या लाव्हा उद्रेकांच्या काळाच्या जवळचे आहेत.

महाराष्ट्र

गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख *आईन-ए-अकबरी* या ग्रंथात आढळतो. हा भाग प्राचीन बस्तर क्रॅटॉनमध्ये मोडतो. मात्र दाट वनाच्छादनामुळे तेथे खडकांची वर्णपटीय ओळख कठीण होते. काळेवाडीसह पिंपरी-चिंचवड परिसर बेसाल्टच्या जाड थरांवर वसलेला आहे. प्रकाशीय संवेदक केवळ पृष्ठभागाची माहिती देत असल्याने त्याखालील प्राचीन खडक प्रतिमांत दिसत नाहीत.

मर्यादा

किंबरलाइटच्या नळ्या अनेकदा काही हेक्टर क्षेत्राच्याच असतात. ३० मीटर विभेदनाच्या प्रतिमेत एक हेक्टर क्षेत्र जेमतेम ११ चित्रबिंदूंत सामावते. शेती, काळी माती व चुनखडीचे आवरण यांमुळे मूळ खडकाची खूण पुसट होते किंवा अन्य खडकांशी गल्लत होते. शिवाय प्रत्येक किंबरलाइटमध्ये हिरे असतातच असे नाही.

हेही पहा

* किंबरलाइट
* दख्खनचे पठार
* सुदूर संवेदन