शास्त्री, मुरली
भारतीय नॅनोपदार्थ शास्त्रज्ञ. बुरशी आणि झाडपाल्याच्या साहाय्याने सोन्या-चांदीचे नॅनोकण तयार करण्याच्या संशोधनासाठी प्रसिद्ध.

आयआयटी मद्रासमधून पीएचडी केल्यावर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) रुजू झाले. पदार्थांच्या पृष्ठभागांचा अभ्यास हे त्यांचे सुरुवातीचे क्षेत्र. पुढे एनसीएलमधील जीवरसायनशास्त्रज्ञ अबसार अहमद यांच्यासह त्यांनी सूक्ष्मजीवांकडे मोर्चा वळवला आणि त्यांच्या कारकिर्दीला निर्णायक वळण मिळाले.

संशोधन : नॅनोकण म्हणजे साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण, १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. व्हर्टिसिलियम बुरशी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली असता तिचे तंतू जांभळे झाले, कारण सोन्याचे कण पेशींमध्येच साठले होते (२००१). ते वेगळे काढणे अवघड होते. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीने ही अडचण सोडवली. तिने बाहेर सोडलेल्या विकरांमुळे चांदीचे ५ ते १५ नॅनोमीटरचे कण थेट द्रावणात तयार झाले (२००३). हरभरा व टोमॅटोवर मर रोग आणणारी बुरशी ती हीच. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोने व चांदीचे कण, तर गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण मिळाले. गवती चहाचे संशोधन ‘नेचर मटेरियल्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

२००२ मध्ये शास्त्री यांना रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

उपयोजन : पुढे ते टाटा केमिकल्सच्या पुण्यातील संशोधन केंद्रात गेले. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने ‘टाटा स्वच्छ’ हे जलशुद्धीकरण यंत्र बाजारात आणले. भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेल्या त्याच्या गाळणीला वीज किंवा नळजोड लागत नसे. त्यानंतर शास्त्री आयआयटी मुंबई–मोनॅश संशोधन अकादमीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

महत्त्व : पाने, पाणी आणि धातूचा क्षार एवढ्यावर प्रयोग सुरू करता येत असल्याने ही पद्धत लहान गावांतील महाविद्यालयांच्याही आवाक्यात आली, हे तिचे मोठे योगदान. मात्र अर्कातील नेमका कोणता घटक कणांना आकार देतो हे शोधणे आणि प्रत्येक वेळी एकसारखे कण मिळवणे, ही या क्षेत्रातील खरी कसोटी आहे.