वजीफा, तनखा, पेन्शन

केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरासाठी ओळखलं जाणारं बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या राजवटीत निवृत्त नोकराला मिळे तो ‘वजीफा’. संस्थान गेलं, शब्दही गेला. पलीकडच्या इंग्रजी मुलखातला ‘पेन्शन’ तेवढा गावागावांत रुजला.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘तोलणे’ अर्थाच्या धातूत आहे. मराठी मुलखातले सर्वांत गाजलेले पेन्शनर म्हणजे पेशवे दुसरे बाजीराव. जून १८१८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमला शरण गेले, सालीना आठ लाख रुपये ठरले आणि ते बिठूरला जाऊन राहिले. १८५१ मध्ये ते वारले, तेव्हा कंपनीनं दत्तकपुत्र नानासाहेबांना ही रक्कम नाकारली. पेन्शन तेव्हा देणाऱ्याची मेहेरबानी होती. १८७१ च्या कायद्यानंही तेच ठरवलं : पेन्शनसाठी दिवाणी दावा लावायचा, तर आधी सरकारी अधिकाऱ्याचा दाखला आणायचा.

हा अर्थ बदलला १७ डिसेंबर १९८२ रोजी. डी. एस. नाकारा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पेन्शन ही बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. म्हणून तो दिवस पेन्शनर दिन.

त्याआधीच पेन्शनच्या कुळाला दुसरी, लोकप्रतिनिधींची शाखा फुटली होती. डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखे बंद झाले. लोकशाहीत अशा नेमणुका शोभत नाहीत, हे योग्यच होतं. पण पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, संसदेनं माजी खासदारांना पेन्शन दिली आणि त्याच सालच्या अधिनियमानं महाराष्ट्रानं माजी आमदारांना. घटनेच्या १९५ व्या कलमानुसार आमदारांचे पगार-भत्ते विधिमंडळच ठरवतं. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच सभागृहानं माजी आमदारांची पेन्शन ४० हजारांवरून ५० हजार केली. पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला दरमहा दोन हजारांची भर वेगळी.

सरकारी नोकराकडे असं सभागृह नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्या शिक्षकाची, तलाठ्याची जुनी पेन्शन गेली. पगारातून दहा टक्के कापून अंशदान योजना आली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी सात दिवस संपावर होते. सुधारित योजना मिळायला २०२४ उजाडलं.

जबाबदारीचं मापही वेगळं आहे. कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला, की निलंबित मानला जातो. निवृत्तीनंतरही गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं, तर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार त्याची पेन्शन रोखता येते. आमदार कोठडीत गेला तरी आमदारच राहतो. त्याचं पद जायला दोन वर्षं वा अधिक शिक्षा व्हावी लागते (काही गुन्ह्यांत कमी शिक्षाही पुरते). तोही लोकांनी निवडलेला आणि गावचा सरपंचही; सरपंचाच्या हाती मात्र फक्त मानधन, तेही पद असेपर्यंतच.

माजी खासदारांची पेन्शन सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वैध ठरवली, म्हणजे हा प्रश्न आता न्यायालयात सुटणार नाही. तो विधिमंडळातच सुटायला हवा, आणि सुटू शकतो : १९६० पर्यंत महाराष्ट्रासोबत एकाच मुंबई राज्यात असलेला गुजरात आपल्या माजी आमदारांना पेन्शन देत नाही.