वसईच्या वाडीतली जीप आणि ४३ भागिले ८

इतिहास म्हटलं की वसईत लगेच किल्ला येतो, चिमाजी अप्पा येतात, १७३९ येतं. आज मात्र आपण गाडीखाली शिरणार आहोत, आणि तेही जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपच्या. दोन चाकांना जोडणारा, मध्ये मोठा गोळा असलेला तो लोखंडी आडवा दांडा आहे ना, त्याला म्हणतात ॲक्सल. आजचा भाग त्याच्यावरच आहे.

ही गाडी जन्मली तीच घाईत. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारलं, चारही चाकं ओढणारी छोटी गाडी कोण बनवून देतं? पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने हे काम अंगावर घेतलं. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडा काढला. इंजिन, गिअरबॉक्स या गोष्टी बाजारात मिळत होत्या, पण पुढची चाकं वळतही राहतील आणि ओढतही राहतील असा इतका छोटा ॲक्सल तयार मिळत नव्हता. तो जमवला स्पायसर कंपनीने, स्टुडबेकर चॅम्पियन या साध्या मोटारीच्या ॲक्सलमध्ये फेरफार करून. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदत संपायच्या जेमतेम अर्धा तास आधी, गाडी मेरीलँडच्या कॅम्प होलाबर्डमध्ये पोचली. पुढे विलीस आणि फोर्डसुद्धा ॲक्सलसाठी स्पायसरच्याच दारात गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

आता या ॲक्सलच्या गोळ्याच्या आत काय असतं? एक मोठं दातेरी चक्र, त्याला आपले मिस्त्री ‘क्राऊन’ म्हणतात, आणि त्याला फिरवणारं छोटं, ‘पिनियन’. युद्धातल्या विलीसमध्ये क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. याचा अर्थ, इंजिनकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि विलीसने हीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली. आता तिने नांगर ओढायचा होता. म्हणून दात बदलले : ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. वेग कमी, ओढ जास्त. मला हा बदल फार आवडतो. सैनिकाची गाडी शेतकऱ्याची झाली, ती चार जास्तीच्या दातांनी!

आणि मग ती आपल्याकडे आली. के. सी. महिंद्रा अमेरिकेत भारताच्या सप्लाय मिशनचे प्रमुख होते, तेव्हा त्यांची भेट जीपवर काम केलेल्या बार्नी रूस या इंजिनिअरशी झाली. २ ऑक्टोबर १९४५ ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली, व्यवसाय पोलादाचा. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने मुंबईत यायच्या आणि माझगावला जीप जोडली जायची. पुढे काम गेलं कांदिवलीला. वसई रोडवरून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की बोरिवलीच्या पुढचं स्टेशन, तेच.

१९५३ ला आलेलं उंच बॉनेटचं सीजे-३बी मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडलं. आपल्याकडे मात्र त्याचा वंश पुढे कितीतरी वर्षं चालला. १९७९ मध्ये प्यूजोबरोबर करार झाला आणि २११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं. म्हणजे वर इंजिन फ्रेंच, खाली ॲक्सलचा आराखडा अमेरिकन, आणि गाडी आपली, मराठी रस्त्यावरची. जव्हार-मोखाड्याच्या घाटात मागे लटकून प्रवास केलेल्यांना अजून सांगायला नको.

हे सगळं आज का सांगतोय? निर्मळ भागातल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आजोबांची जीप वाडीत उभी आहे, मागच्या ॲक्सलमधून खडखड आवाज येतो, उघडलं तर क्राऊनचे दात तुटलेले. भंगारवाला अख्खा मागचा ॲक्सल निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे, ‘जीपचाच आहे, बसेल’ म्हणतो. घरीच बदलू का? घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात विकून टाक, आजी म्हणते गाडी हलली पाहिजे.

बदलता येतो. या गाडीची गंमतच ती आहे. ॲक्सल एकसंध, तो पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला, शाफ्ट चार बोल्टांवर, ब्रेकची नळी आणि शॉक ॲब्सॉर्बर. दोन माणसं, चांगला जॅक, दोन भक्कम घोड्या आणि एक रविवार पुरतो. आजच्या छोट्या मोटारीचं असं काम अंगणात करून दाखवा!

पण ‘बसेल’ हा शब्द फसवा आहे. बोल्ट बसणं वेगळं, आकडा जुळणं वेगळं. समजा मागे ३९-८ आला आणि पुढे जुना ४३-८ तसाच राहिला. टू-व्हीलमध्ये गाडी छान पळेल, उलट हायवेवर आवाज कमी होईल. जुन्या ६.००-१६ टायरवर, टॉप गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला २५०० फेरे फिरत असेल तर ५.३८ वर वेग साधारण ६१ किलोमीटर, आणि ४.८८ वर ६८. मालक खूश.

मग पावसाळ्यात एकदा चिखलात फोर-व्हील टाकलं जाणार. या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये घट्ट एकत्र बांधले जातात, मध्ये सूट द्यायला काही नसतं. पुढची चाकं एक किलोमीटर जातील तेवढ्यात मागची १०० मीटर जास्त जायला बघतील. चिखलात टायर घसरून भागतं. डांबरावर कोण घसरणार? शाफ्ट पिळला जातो, क्रॉस तुटतो, नाहीतर ट्रान्सफर केसच जाते. म्हणून एकतर त्याच आकड्याचा ॲक्सल शोधा, किंवा पुढचा-मागचा जोडीने घ्या. आणखी एक : विलीसच्या आराखड्यात गोळा मधोमध नसतो, उजवीकडे असतो. गोळा दुसरीकडे असलेल्या ॲक्सलला शाफ्ट सरळ रेषेत येत नाही. बोलेरोचा ॲक्सल तर रुंदच पडतो.

आकडा बघायला गोळा उघडावा लागतोच असं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं एकच चाक उचललेलं, शाफ्टवर खडूची खूण. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साडेपाचला थोडे कमी भरले तर ४३-८. पाचला थोडे कमी, तर ३९-८. भंगारवाल्याकडे सुटा पडलेल्या ॲक्सलवरही हेच करता येतं, दुसरं चाक कोणीतरी धरून ठेवायचं. खात्री करायची असेल तर मागचं झाकण काढून दात मोजा.

आता जरा हेडफोन नीट लावा, कारण ही गोष्ट जिवाची आहे. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी. गिअरमध्ये ठेवली असली तरी मोकळीच. इतकंच काय, शाफ्ट जोडलेला असताना एक मागचं चाक जॅकवर उचललं, तरी दुसरं फिरू शकतं, कारण डिफरन्शियलचं कामच ते आहे. मोजताना तर हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून जमिनीवर जी चाकं आहेत, त्या प्रत्येकाला पुढून आणि मागून लाकडी ठोकळे. घोड्या चासीखाली, सपाट कठीण जागेवर. वाडीतल्या ओल्या मातीत नाही. विटांवर तर कधीच नाही, वीट सांगून फुटत नाही.

वसईची म्हणून एक भर घालतो. जुलै २०१८ सारखं पाणी ज्या गाडीने पाहिलंय, तिच्या गोळ्यातलं ऑइल आधी तपासा. गरम गोळा पाण्यात बुडाला की थंड होताना आत पाणी ओढतो आणि ऑइल दुधाळ चहासारखं होतं. भंगारातून आणलेल्या ॲक्सललाही हीच परीक्षा. बेअरिंगवर गंज दिसला तर निम्मी किंमतसुद्धा जास्त आहे.

कागदांचं विचाराल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मनमानी बदलांना मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. खराब झालेल्या जागी तसाच ॲक्सल ही दुरुस्ती. रुंद ॲक्सल घालून टायर मडगार्डच्या बाहेर काढणं हा बदल. खाजगी गाडीला १५ वर्षांनी फेरनोंदणीसाठी आरटीओसमोर उभं राहावंच लागतं, तेव्हा हे बाहेर येतं.

निर्मळच्या मित्राला मी एवढंच कळवलं, पैसे देण्याआधी खडू घेऊन जा. त्याचा उलट मेसेज आला : शाफ्ट पाचच्या आतच थांबला, आणि त्याची पुढची जोडी ४३-८. त्याने तो ॲक्सल सोडला. आता जोडीचा शोध सुरू आहे. कुणाच्या अंगणात पडला असेल तर कळवा.

आणि हो, बसवून झाल्यावर ९० नंबरचं ऑइल भरा, ब्रेकमधली हवा काढा, थोडी गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. पाट्यांवर बोलायचं राहिलं, ते पुढच्या भागात.